घटस्फोट झालेला नसताना परदेशात नव्या जोडीदारासोबत राहायचे असेल तर अर्ज कोणता आणि कसा करावा?

विभक्त होणे आणि घटस्फोट होणे यांतला फरक सर्वांना ठाऊक असतो. पण व्हिसाच्या अर्जातला वैवाहिक स्थितीचा रकाना भरताना तो किती महत्त्वाचा ठरतो, हे बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते. म्हणून नव्या जोडीदाराच्या आधारे अर्ज करण्यापूर्वी आपला सध्याचा व्हिसा कोणाच्या आधारावर उभा आहे, हे आधी तपासावे. ब्रिटनमध्ये पती किंवा पत्नीच्या आधारे राहण्याची परवानगी मिळाली असेल आणि ते नाते संपले असेल, तर तसे गृह खात्याला कळवावे लागते आणि त्यानंतर परवानगीची मुदत साधारणतः ६० दिवसांवर आणली जाऊ शकते. अमेरिकेत एच-४ व्हिसावरील (म्हणजे तिथे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची पती किंवा पत्नी म्हणून राहणाऱ्या) व्यक्तीचा दर्जा केवळ वेगळे राहिल्याने जात नाही, घटस्फोटाचा अंतिम निकाल लागला की मात्र जातो. त्यामुळे तिथे न्यायालयाची तारीख ठरण्याआधीच विद्यार्थी, नोकरी किंवा अन्य दर्जासाठी अर्ज दाखल केलेला असावा.

नव्या नात्याला मान्यता देण्याबाबत देशोदेशी मोठा फरक आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन अविवाहित जोडीदारालाही मान्यता देतात आणि आधीचा विवाह कागदोपत्री शिल्लक असला तरी तो कायमचा मोडला आहे हे दाखवता आले, तर दार बंद होत नाही. कॅनडात नव्या जोडीदारासोबत सलग १२ महिने एकत्र राहिलेले असावे लागते. ऑस्ट्रेलियातही अर्जापूर्वी १२ महिन्यांचे नाते लागते. ज्या राज्यांत नात्याची नोंदणी होते तिथे ती केल्यास या अटीतून सूट मिळते, मात्र आधीचा विवाह कायम असेपर्यंत ही नोंदणी करता येत नाही. ब्रिटनमध्ये २ वर्षांचे विवाहसदृश नाते लागते. सलग २ वर्षे एकाच घरात राहिल्याची पूर्वीची अट जानेवारी २०२४ अखेर काढून टाकण्यात आली. अमेरिकेत यातले काहीच चालत नाही. तिथे जोडीदार म्हणून स्थायिक होण्यासाठी विवाहच लागतो, आणि के-१ या वाग्दत्त व्हिसासाठीही अर्जाच्या वेळी दोघेही कायद्याने विवाहास मोकळे असावे लागतात. म्हणजे पहिला विवाह आधी रीतसर संपवणे हाच तिथला मार्ग आहे. कोणत्याही देशात निकाल हाती येण्याआधी दुसरा विवाह मात्र करू नये. त्याने अर्ज बळकट होत नाही आणि द्विभार्या किंवा द्विपती विवाहाचा गुन्हा पदरात पडतो.

पुराव्यांच्या बाबतीत माझे मत असे आहे की, फोटोंच्या गठ्ठ्यापेक्षा एक तारीख जास्त मोलाची असते. वेगळे झाल्याची तारीख एकदा नक्की करावी आणि प्रत्येक कागदावर तीच लिहावी. समजा, अर्जात जानेवारीपासून विभक्त असल्याचे लिहिले आहे, पण पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये भरलेल्या प्राप्तिकर विवरणपत्रात ‘विवाहित’ या चौकटीवर खूण आहे. अधिकाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. कॅनडाचा कर विभाग तर नाते मोडल्यामुळे ९० दिवस वेगळे राहिल्यावर विभक्त ही स्थिती कळवण्याची अपेक्षा ठेवतो. त्यामुळे कर, बँक, विमा आणि नोकरीच्या ठिकाणची वारस नोंद हे सारे आधी दुरुस्त करून घ्यावे. जुन्या नात्यासाठी विभक्ततेचा करार, घटस्फोटाच्या अर्जाची प्रत किंवा शपथपत्र जोडावे. नव्या नात्यासाठी दोघांच्या नावाचा भाडेकरार, संयुक्त खात्याचे उतारे आणि एकाच पत्त्यावर दोघांना स्वतंत्रपणे आलेली पत्रे जोडावीत. भाडेकरारात दुसरे नाव मागाहून घातले असेल, तर घरमालकाकडून त्या तारखेचे पत्र घ्यावे. ऑस्ट्रेलियात आर्थिक व्यवहार, घराची वाटणी, समाजातील ओळख आणि परस्परांची बांधिलकी अशा चार अंगांनी नाते तपासले जाते. इतर देशांतल्या अर्जाचा आराखडाही त्यावरून करायला हरकत नाही.

प्रायोजक, म्हणजे ज्याच्या आधारावर अर्ज करायचा ती व्यक्ती, कोण आहे, हेही पाहावे. स्वतः कोणाचा जोडीदार म्हणून प्रायोजित होऊन कॅनडात स्थायिक झालेल्या व्यक्तीला त्यानंतर ५ वर्षे नव्या जोडीदाराला प्रायोजित करता येत नाही. आधीच्या जोडीदाराच्या उदरनिर्वाहासाठी दिलेली ३ वर्षांची हमी संपलेली नसेल, तरीही अडचण येते. अशा वेळी नोकरी किंवा शिक्षणाच्या स्वतंत्र मार्गाचा विचार करावा, आणि एका जोडीदाराच्या व्हिसावरून उतरून लगेच दुसऱ्याच्या आधारावर जाणे टाळता येत असेल, तर प्रायोजकाची अडचण नसतानाही मी हाच मार्ग सुचवेन. आधीच्या नात्यात हिंसाचार झाला असेल, तर ते लपवू नये. अशा व्यक्तींसाठी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिका या चारही देशांत विशेष तरतुदी आहेत.

मुले असतील तर ती कोणाकडेही राहत असोत, अर्जात त्यांची नावे द्यावीत. कॅनडात अर्जाच्या वेळी न दाखवलेल्या मुलाला पुढे कुटुंबीय म्हणून बोलावणे फार अवघड होऊन बसू शकते, आणि खोटी किंवा अपुरी माहिती दिल्याचे ठरल्यास अर्जदारावर ५ वर्षांची बंदी येऊ शकते. मूल सोबत न्यायचे असल्यास दुसऱ्या पालकाची लेखी संमती किंवा न्यायालयाचा ताब्याबाबतचा आदेश हवा, आणि ते मिळवायला सर्वांत जास्त वेळ लागत असल्यामुळे त्याची तयारी बाकीच्या कागदांच्या आधी सुरू करावी.