टेम्पोतून इंजिन पाठवताना खालचं चेंबर सांभाळा

रीबोअरला (सिलिंडर आतून पुन्हा कोरून घ्यायला) इंजिन पाठवायचं असेल, तर ते नुसतं टेम्पोत टेकवू नका. खालचं ऑइल चेंबर बहुतेक गाड्यांत पातळ पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं असतं. सगळा भार त्यावर आला की ते चेपतं, नाहीतर तडकतं. जवळच जायचं असेल तर जुना टायर आडवा टाकून त्यात इंजिन बसवलं तरी भागतं. लांबच्या प्रवासाला मात्र लाकडी घोडी, म्हणजे इंजिन बसवायची चौकट, हवीच.

खाली चार इंची दोन वासे, त्यांवर आडव्या जाड पट्ट्या. इंजिन चैन कप्पीला लटकत असतानाच माउंटिंगच्या (इंजिन गाडीला जिथे बोल्टने बसतं तिथल्या) भोकांची मापं घ्या आणि तिथेच उभे ठोकळे द्या. चेंबर आणि लाकूड यांत निदान दोन बोटं फट राहिली पाहिजे. जोड नट-बोल्टनेच, खाली मोठे वॉशर घालून. खिळे हादऱ्यांनी सुटतात. मागची बाजू बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्स जिथे जोडला जातो त्या भागाच्या) बोल्टांवर धरा.

ऑइल, कूलंट आधी काढा. इनटेकच्या (हवा आत जायच्या वाटेच्या) तोंडात चिंध्या कोंबू नका, आत राहून गेल्या तर पंचाईत. वरून पुठ्ठा लावून चिकटपट्टी मारा. रॅचेटचे (खटक्याने आवळायचे) पट्टे ब्लॉकवरून, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडावरून, किंवा लिफ्टिंग हुकातून घ्या, सेन्सर आणि इंधनाच्या पाइपांवरून अजिबात नाही.