मुकद्दिम्याच्या आधाराने अभ्यासक्रम आखताना

हर्णैसारख्या बंदरगावातील मक्तबासाठी (मुस्लिम मुलांच्या प्राथमिक धार्मिक शाळेसाठी) किंवा उर्दू शाळेसाठी अभ्यासक्रम आखताना विषयांची यादी आधी केली जाते. माझ्या मते आधी क्रम ठरवावा. अरब इतिहासकार इब्न खलदूनने १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दिम्या’त, म्हणजे आपल्या इतिहासग्रंथाच्या प्रस्तावनेत, सांगितले आहे की, एकच विषय विद्यार्थ्यापुढे तीनदा न्यावा: पहिल्या फेरीत ठळक मुद्दे, दुसऱ्या फेरीत स्पष्टीकरण व मतभेद, आणि तिसऱ्या फेरीत उरलेली प्रत्येक अडचण.

भरती-ओहोटीचा पाठ घ्या. पहिल्या फेरीत मुलांनी आठवडाभर धक्क्यावर जाऊन पाणी कधी भरते याची नोंद करावी. दुसऱ्या फेरीत उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांची कारणे सांगून, तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोकणी हिशेब शिकवावा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. तिसऱ्या फेरीत तोच हिशेब हिजरी (इस्लामी चांद्र कालगणनेच्या) तारखेने करायला द्यावा. चंद्रदर्शनानंतर महिना सुरू होत असल्याने ही तारीख तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते, आणि वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजावी लागते. मुले इथेच अडतात आणि इथेच खरे शिकतात. आम्ही एकदा तिन्ही फेऱ्या एकाच आठवड्यात उरकल्या, तेव्हा मुलांना पाऊणपट पाठ झाली, पण ती कशाची हे सांगता येईना. मात्र दोन फेऱ्यांमध्ये फार खंडही नसावा, कारण लांबलेल्या खंडाने विसर पडतो, असे इब्न खलदूनच बजावतो. संक्षिप्त पुस्तिकांवरही त्याचा रोष होता; आजच्या गाइडांना तो तंतोतंत लागू पडतो.

विषयांची निवड त्यानंतर करावी, आणि त्यासाठी इस्लामी धर्मविचारवंत गझालीचा (१०५८–११११) भेद उपयोगी पडतो. प्रत्येकावर बंधनकारक असलेले ज्ञान ते फर्ज-ए-ऐन. समाजातील काहींनी मिळवले की इतरांची जबाबदारी फिटते ते फर्ज-ए-किफाया. या दुसऱ्या प्रकारात त्याने वैद्यक आणि अंकगणित घातले, शेती आणि विणकामही घातले. तेव्हा पालकसभेत सरळ विचारावे: बोटीचे इंजिन दुरुस्त करणारा, औषधाची चिठ्ठी वाचून समजावणारी, सातबारा उलगडून सांगणारा असे गावात किती जण आहेत? जिथे कोणीच नाही, त्या विषयाला वरच्या वर्गांत आठवड्याच्या दोन तासिका आधी राखून ठेवाव्यात.