अण्णांची तिसरी डायरी

अण्णांच्या टेबलावर तीन डायऱ्या असायच्या. पहिली तारखांची, ती प्रत्येक वकिलाकडे असते. दुसरी येण्याची, कोणाकडून किती फी यायची आहे हे तीत लिहिलेलं असे आणि ती ते क्वचितच उघडत. तिसरी जाड, लाल पुठ्ठ्याची. तीत फक्त मुदती: निकाल कधी लागला, नकलेचा, म्हणजे निकालाच्या प्रमाणित प्रतीचा, अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, अपिलाचा शेवटचा दिवस कोणता. वकिलीची सनद हातात आलेली पोरं मला विचारतात, मॅडम, पहिल्यांदा काय घेऊ? मी काळ्या कोटाच्या आधी ही डायरी सांगते.

अण्णा म्हणजे माझे सिनियर. यंदा जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची यात्रा भरायच्या थोडं आधी ते गेले. वय 91. त्यातली 58 वर्षं सोलापूरच्या कोर्टात गेली. त्यांचे वडील गिरणीत साच्यावर होते. अण्णांनी दिवसा कारकुनी करून कायद्याचं शिक्षण घेतलं आणि पुढं गिरण्या बंद पडल्यावर थकलेल्या देण्यांसाठी कामगार त्यांच्याकडं आले, तेव्हा दुसऱ्या डायरीत त्यांची नावं कधी चढली नाहीत.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची, घरात बोलणं तेलुगूत. घराण्यात वकील नव्हता, त्यामुळे कोणाकडं ज्युनिअर राहायचं हेच मला कळत नव्हतं. आज सांगते: ऑफिस किती मोठं आहे, बाहेर किती गाड्या लागतात हे बघू नका. तिथल्या ज्युनिअरच्या हातात फाईल असते का, की नुसती बॅग असते, तेवढं बघा. पहिली दोन वर्षं पैशाची ओढाताण होणारच. घरच्यांना ते आधीच स्पष्ट सांगून ठेवा. आणि न्यायाधीश व्हायचं मनात असेल तरी ही वर्षं चुकत नाहीत. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी 3 वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे.

पहिले दोन महिने अण्णांनी मला कोर्टात बोलायला उभं केलं नाही. "मामांबरोबर फिर," म्हणाले. मामा म्हणजे आमचे कारकून. वकीलपत्राला तिकीट किती, कोर्ट फी कशी काढायची, नाझरकडं कशासाठी जायचं आणि शिरस्तेदाराकडं कशासाठी, निशाणी 5 म्हटलं की तो मनाईचा अर्ज असतो, हे सगळं मी मामांकडून शिकले. कारकुनाला अरेतुरे करणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या फाईलमध्ये नेमका हवा तो कागद वेळेला सापडत नाही.

जमिनीचा दावा आला की अण्णा सातबारा उतारा उलट्या क्रमाने वाचत. मालकाचं नाव शेवटी, आधी इतर हक्काचा रकाना: बोजा आहे का, कूळ आहे का, विहिरीतला हिस्सा आहे का. मग त्यावरचे फेरफाराचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे, सगळे नंबर कागदावर उतरवायला लावत आणि प्रत्येक फेरफाराची नक्कल तहसीलमधून आणायला पाठवत, जुन्या हस्तलिखितांसकट. वाटपाच्या दाव्यात बहिणीचं नाव कुठल्या साली आणि कशाच्या आधारे कमी झालं, हे तिथंच सापडतं. संगणकावरचा उतारा बघून दावा लिहायचा नाही, हा त्यांचा नियम होता. तेवढं झालं की म्हणत, "आता जागेवर जाऊन ये." अक्कलकोट, मोहोळ, करमाळा, मी एसटीने सगळीकडं हिंडले. बांध डोळ्यांनी पाहिलेला असला की उलटतपासाचे प्रश्न आपोआप सुचतात. ते खुर्चीत बसून सुचत नाहीत.

सोलापुरात वकिली करणाऱ्याला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे कान. अक्कलकोटचा शेतकरी कन्नडमध्ये विचार करतो, साखर पेठेतली बाई तेलुगूत, आणि साक्ष मराठीत नोंदवली जाते. घाबरलेला साक्षीदार "हो हो" म्हणतो तेव्हा त्याला "ऐकतोय" म्हणायचं असतं, कबुली द्यायची नसते. अण्णा अशा जागी थांबून कोर्टाच्या परवानगीने प्रश्न सोपा करून पुन्हा विचारत. मला घरी बोलण्यापुरती येणारी तेलुगू ही कामाची भाषा आहे, हे मला त्यांच्यामुळे समजलं. तोवर मी ती लपवत होते.

आता माझी चूक सांगते, कारण ती प्रत्येक नवा वकील करू शकतो.

एका विडी कामगार बाईंच्या घराच्या दाव्यात आम्ही खालच्या कोर्टात हरलो. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस असतात. मी नकलेचा अर्ज 26व्या दिवशी दिला. नक्कल तयार व्हायला 12 दिवस लागले. मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे ते 12 दिवस वजा होतात, म्हणजे नक्कल तयार झाल्यावर माझ्याकडं जेमतेम 4 दिवस उरले होते. मी मात्र समजत होते की नक्कल मिळाल्यापासून 30 दिवस पुन्हा मोजायचे. अपील घेऊन गेले तेव्हा 9 दिवस उशीर झाला होता. लक्षात ठेवा, वजावट नक्कल तयार होते त्या दिवसापर्यंतच मिळते. तुम्ही ती सवडीने आणायला गेलात तर मधले दिवस तुमच्या खात्यावर.

बाररूममध्ये एकाने सुचवलं, बाईंच्या आजारपणाचा दाखला जोड, सुटशील. मी जवळजवळ तयार झाले होते. अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी बाईंना बोलावलं, मला शेजारी बसवलं आणि तेलुगूत सांगितलं, "अम्मा, चूक आमच्या ऑफिसची आहे." मग मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंब माफीचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, घडलं तसं, तारखांसकट. प्रतिज्ञापत्र माझं. खर्च भरण्याच्या अटीवर उशीर माफ झाला. तो खर्च माझ्या फीतून गेला आणि मला तो जावासा वाटत होता. तिसरी डायरी लिहायचं काम त्या दिवसापासून माझ्याकडं आलं.

घराविषयी थोडं सांगायलाच हवं. काकूंना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला, अर्धांगवायू झाला आणि पुढची सहा वर्षं त्या अंथरुणाला होत्या. अण्णांचं घर कोर्टापासून जवळ. मधल्या सुट्टीत ते चालत घरी जात, काकूंना दुधात कुस्करलेली भाकरी भरवत आणि परत येत. बायको आजारी म्हणून त्यांनी तारीख मागितल्याचं मला आठवत नाही. पण समोरचे वकीलच सुट्टीच्या तोंडावर त्यांचं प्रकरण पुकारलं जाऊ नये याची काळजी घेत. रविवारी सकाळी पक्षकाराला दार उघडायचं नाही, हाही घरचा कायदा होता. त्या वेळी अण्णा नातवंडांना घेऊन सिद्धेश्वर तलावाच्या काठी असत. पहाटे पाचला ऑफिसात दिवा लागायचा तो ही वेळ वाचवण्यासाठी, हे मला माझी मुलगी झाल्यावर समजलं.

उच्च न्यायालयाच्या कामासाठी अण्णांनी आयुष्यभर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली. मुंबईला उतरायचं, पक्षकाराबरोबर दिवसभर बाकावर बसायचं, कधी पुढची तारीख घेऊन त्याच रात्री परत यायचं. उच्च न्यायालयाचं खंडपीठ जवळ यावं म्हणून वकिलांच्या आंदोलनांत ते म्हातारपणीही जाऊन बसले. 18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं, त्यात सोलापूर जिल्हा आला, तेव्हा ते पलंगावरून उठू शकत नव्हते. संध्याकाळी मी जाऊन सांगितलं. डोळे मिटून ऐकत होते. मग विचारलं, "पहाटेची एसटी किती वाजता सुटते गं?"

मी फोनवर विचारून वेळ सांगितली. त्यांनी ती लाल डायरीत लिहून घ्यायला लावली.