पर्थहून सिडनी: ‘इथल्या इथे’ जाणाऱ्यांसाठी

पर्थमध्ये घर लागलं, की महिन्याभरात आईचा फोन येतोच. “अरे, मामेभाऊ सिडनीत आहे ना? एखाद्या शनिवारी जाऊन ये की!” नकाशात देश एकच दिसतो, त्यात तिची काय चूक? मीही पहिल्या वर्षी असाच निघालो होतो.

हवाई अंतर साधारण ३,३०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट. इंडोनेशियातलं जकार्ता आपल्याला सिडनीहून जवळ पडतं.

जाताना विमान चार-सव्वाचार तासांत पोचतं, येताना पाच तास लागतात. वर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे वाहतात. जाताना ते पाठीशी असतात, परतताना तोंडावर. त्यात घड्याळाची गंमत आहे. सिडनी आपल्यापेक्षा दोन तास पुढे, आणि ऑक्टोबर ते एप्रिल तीन तास, कारण तिकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात, आपल्याकडे नाही. दुपारी बाराला निघालात तर डिसेंबरात तिथे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. शनिवार संपला! म्हणून शुक्रवारी रात्रीचं विमान घ्या. झोप होत नाही, पण दिवस वाचतो. परतताना उलट, संध्याकाळी सहाला निघून आठ-नऊला आपण घरच्या वाटेवर.

पर्थला विमानतळावर टर्मिनल एक-दोन एकीकडे आणि तीन-चार भलतीकडे आहेत. तिकिटावरचा आकडा आदल्या दिवशीच बघा. ट्रेनही फक्त एक-दोनच्या दारात जाते, तीन-चारसाठी बस धरावी लागते.

गाडीने जायची हौस बहुतेकांना येते. चार हजार किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे. त्यात नलारबॉर या ओसाड मैदानाच्या वाटेवर एक पट्टा १४६ किलोमीटर नाकासमोर सरळ, मुंबई-पुण्याएवढं अंतर आणि एकही वळण नाही. सुट्टी भरपूर असेल तर जरूर जा, पण भावाला भेटायला म्हणून नको. इंडियन पॅसिफिक रेल्वे तीन रात्री घेते आणि तिकीट विमानाच्या कितीतरी पट. ती चैन आहे, प्रवास नव्हे.

आता महत्त्वाचं. येताना वहिनी पिशवी भरतीलच, पण आंबे, ताजा भाजीपाला, मध यातलं काही घेऊ नका. देशातल्या देशात असलात तरी आपल्या पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यात ते आणण्यावर कडक निर्बंध आहेत. बाहेरची कीड इथल्या बागांत शिरू नये म्हणून. वहिनींनी ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेली कढीपत्त्याची जुडी मी पर्थला उतरल्यावर असल्या वस्तू टाकण्यासाठी ठेवलेल्या पेटीत टाकली. पेटीत आधीच कुणाचीतरी अर्धी खाल्लेली सफरचंदं होती, त्यांवर ती हिरवीगार पानं पडली. बायको बाहेर वाट बघत होती, तिने पहिला प्रश्न विचारला, “आणलास?”

पुढच्याच आठवड्यात इथल्या नर्सरीतून रोप आणलं. आता छातीएवढं झालंय. लागेल तेव्हा सांगा, तोडून देईन.