टॉमकॅट ९ वरून १० वर जाताना

चवथीच्या सुट्टीआधी फोंड्याच्या ऑफिसात घाईघाईनं वॉर फाइल (जावा वेब ॲपची एकत्र बांधलेली फाइल) टॉमकॅट या सर्व्हरच्या ९ वरून १० वर टाकली, आणि ॲप उठेचना. कारण साधं: १० पासून 'जावाएक्स.सर्व्हलेट' पॅकेजचं नाव 'जकार्ता.सर्व्हलेट' झालंय. म्हणून दिसेल तिथं 'जावाएक्स' बदलत सुटू नका (मी सुटलो होतो!). जावाएक्स.एसक्यूएल, जावाएक्स.नेमिंग ही जावाचीच, ती तशीच राहतात. सोर्स (मूळ कोड) हाताशी नसेल तर जुनी वॉर 'वेबॲप्स-जावाईई' फोल्डरमध्ये ठेवा, नसेल तर तो बनवा. टॉमकॅट ती बदलून 'वेबॲप्स'मध्ये टाकतो. सोर्सच बदलणार असाल आणि स्प्रिंग ५ (जावाचं फ्रेमवर्क, जुन्याच नावावर चालणारं) असेल, तर ६ वर जावं लागेल. त्याला किमान जावा १७ हवं.