युद्धपटातली बंदूक ओळखायची कशी?

भारत-चीन किंवा भारत-पाकिस्तान युद्धावरच्या सिनेमात हत्यारं मोजकीच असतात. दृश्य थांबवून पाहायची सवय लावली, तर कुणालाही ती ओळखता येतील.

आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा डबा, बघा. नळी धुरात हरवते, दस्ता खांद्याआड जातो, मॅगझिन मात्र बहुतेक वेळा दिसतं. मग नळीचं तोंड बघा, आणि शेवटी कथेतलं साल आठवा.

१९६२ साली आपल्या जवानांच्या हाती होती थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड. मॅगझिन दहा गोळ्यांचं, घोड्याच्या पुढे जेमतेम बाहेर आलेलं. जुन्या नमुन्यात लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत जातं आणि पुढचं टोक बोथट दिसतं. तिच्याच नंतरच्या, नंबर चारच्या नमुन्यात नळी लाकडातून थोडी बाहेर डोकावते. एनसीसीत मी ही रायफल चालवली आहे. प्रत्येक गोळीनंतर बोल्टची, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची, मूठ वर उचलायची, मागे खेचायची, पुढे ढकलून खाली पाडायची. नट बोल्टला हात न लावता लागोपाठ गोळ्या झाडतो तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं, कारण ज्यांनी हीच रायफल घेऊन बर्फात मोर्चे लढवले त्यांचे कष्टच त्या दृश्यातून गायब होतात.

इथे एक चकवा आहे. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या शस्त्रकारखान्यात १९६२च्या युद्धानंतर हिचीच ७.६२ मिलिमीटरची आवृत्ती तयार झाली, तिचं नाव २ए. लांबून दोन्ही सारख्याच. पण थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी कड असते, त्यामुळे तिच्या मॅगझिनचा तळ तिरका उतरतो. २एचं मॅगझिन चौकोनी डब्यासारखं दिसतं. १९६२च्या कथेत हे चौकोनी मॅगझिन दिसलं, तर रायफल नंतरच्या काळातली आहे.

१९७१ म्हटलं की एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल; तिला बोल्ट हाताने ओढावा लागत नाही. वीस गोळ्यांचं उभं मॅगझिन, रायफल उचलून न्यायला वर मूठ, लांब नळी. आपली एसएलआर घोडा एकदा दाबला की एकच गोळी झाडते. पडद्यावर तिच्यातून सलग फैर सुटली तर ते चूक. पाकिस्तानी सैनिकाच्या हातातली जी-३ रायफलही साधारण अशीच भासते, पण तिच्या नळीच्या वर दुसरी एक नळी असते आणि बोल्ट मागे ओढायचा खटका तिच्यावर पुढे, डाव्या बाजूला असतो. चिनी बनावटीची एके रायफल असेल तर पुढची माशी (नेम धरायचं टोक) पूर्ण गोल कड्यात बसवलेली दिसेल.

मॅगझिन वरून लावलेलं असेल तर ती ब्रेन एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन. समोरची नजर त्यामुळे अडते, म्हणून तिची नेम धरायची साधनं डावीकडे सरकवलेली आहेत. डावीकडून आडवं लावलेलं मॅगझिन सरळ असेल तर स्टेनगन, बाकदार असेल तर नंतरची कार्बाइन, म्हणजे तशीच आखूड बंदूक.

कालविसंगती पकडायची तर इन्सास या भारतीय बनावटीच्या रायफलीवर नजर ठेवा. तिचं मॅगझिन अर्धपारदर्शक असतं, आतल्या गोळ्या दिसतात. ती सैन्यात आली १९९०च्या दशकात, त्यामुळे १९९९च्या कारगिलच्या कथेत ती शोभते, १९७१च्या कथेत नाही. गर्दीच्या दृश्यात मागच्या रांगेतल्या सैनिकांकडे मुद्दाम बघा. नायकाला योग्य हत्यार दिलेलं असतं आणि मागे जे मिळेल ते वाटलेलं असतं.

आवाजावरून मात्र ओळखायला जाऊ नका. तो बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत भरलेला असतो. आणि नळीचं तोंड जवळून दिसलं तर भोक आत बुजवलेलं आहे का ते तपासा: खोट्या काडतुसांवर स्वयंचलित बंदूक चालवायला गॅसचा दाब अडवावा लागतो, म्हणून तिथे अडथळा बसवतात. बोल्टच्या रायफलीला त्याची गरज नसते.