बॅकअप फेल झाला, रिस्टोअर अडला: शोधायला सुरुवात कुठून करायची

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतला कारखाना घ्या, मार्केट यार्डातलं हळदीचं ऑफिस घ्या, तासगावकडचं बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज घ्या नाहीतर एखादी पतसंस्था, बॅकअपचं सॉफ्टवेअर सगळीकडे असतंच, कधीतरी कुणीतरी बसवून गेलेलं, आणि रोज रात्री ते आपलं चालू असतं. मग एक दिवस जॉब (म्हणजे ठरल्या वेळी चालणारं बॅकअपचं काम) लाल होतो आणि लगेच फोन येतो, "दादा, सॉफ्टवेअर बाद झालंय, काढून परत टाकू का?" अहो थांबा की जरा. बहुतेक वेळा सॉफ्टवेअरला काहीच झालेलं नसतं. डिस्क भरलेली असते, पासवर्ड बदललेला असतो, केबल उंदरानं कुरतडलेली असते नाहीतर विंडोजनं रात्रीत अपडेट घेतलेलं असतं, आणि सॉफ्टवेअर बिचारं निरोप्यासारखं ती बातमी सांगत असतं. ते काढून परत टाकलं तर जॉबची सेटिंग जाते, कॅटलॉग (कोणता बॅकअप कुठं आहे त्याची यादी) जातो, कधीकधी एन्क्रिप्शनची चावी (बॅकअपला लावलेलं कुलूप उघडणारी) पण जाते, म्हणजे जुने बॅकअप डिस्कवर असून वाचता येत नाहीत. म्हणून अनइन्स्टॉल हा अगदी शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

पायरी १: आधी ठरवा, फक्त बॅकअप फेल आहे का डेटाच गेलाय?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हीत वागायचं पण वेगळं. नुसता बॅकअप फेल असेल तर घाई नाही, निवांत शोधा. पण सर्व्हरवरचा डेटा उडालाय, किंवा फाइलींची नावंच बदलून गेलीत आणि उघडत नाहीत, असं असेल तर सगळ्यात आधी शेड्यूल बंद करा. कारण रात्री जॉब ठरल्या वेळी चालणारच, तो खराब झालेल्या डेटाचा बॅकअप घेणार आणि रिटेन्शन (जुने बॅकअप किती दिवस ठेवायचे ते) सात दिवसांचं असेल तर रोज एक चांगला बॅकअप पुसत जाणार. रॅन्समवेअरचा (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा) संशय असेल तर बॅकअपची डिस्क किंवा नास (नेटवर्कवर जोडलेला डिस्कचा डबा) नेटवर्कवरून काढून ठेवा, केबल उपटली तरी चालेल. आणि स्क्रीनवर जे काही दिसतंय त्याचा मोबाइलवर फोटो काढा, कारण पुढच्या गडबडीत ते विंडो कुणीतरी ओके दाबून घालवतंच.

पायरी २: लॉगमधली पहिली चूक शोधा, शेवटची नाही

सगळे इथंच फसतात. लॉग (सॉफ्टवेअरनं कधी काय केलं त्याची नोंद) उघडायचा, सगळ्यात खाली जायचं, तिथं लिहिलेलं असतं जॉब फेल्ड, आणि तेच गूगल करायचं. ती ओळ म्हणजे फक्त निकाल. वर वर जात राहा, जिथं पहिल्यांदा एरर किंवा वॉर्निंग दिसेल तिथं थांबा, त्याची वेळ लिहून घ्या आणि त्याच वेळेला विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये काय झालं ते बघा. तिथं डिस्कचा एरर असेल तर बॅकअप सॉफ्टवेअरचा विषय तिथंच संपला.

आणि एररमध्ये नुसता नंबर असेल तर घाबरायचं काही कारण नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडून नेट हेल्पमेसेज आणि पुढं तो नंबर टाका, विंडोज स्वतःच अर्थ सांगतं. ५ म्हणजे परवानगी नाही, ५३ म्हणजे नेटवर्कवरचा रस्ताच सापडला नाही, ११२ म्हणजे डिस्कवर जागा नाही, १३२६ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकला. एवढे चार पाठ असले तरी बरीच कामं फोनवर उरकतात.

पायरी ३: जागा

बॅकअपच्या डिस्कवर किती जागा शिल्लक आहे ते बघा, आणि ज्या सर्व्हरचा बॅकअप घेताय त्याच्या सी ड्राइव्हवर पण बघा, कारण शॅडो कॉपीला (बॅकअपसाठी विंडोज त्या क्षणाच्या डेटाची जी प्रत धरून ठेवतं तिला) तिथं पण जागा लागते. रिटेन्शन ३० दिवसांचं लावून ठेवलंय आणि डिस्क २ टीबीची आहे, असं असलं की कधीतरी गाडी अडणारच. पण म्हणून एक्सप्लोररमध्ये जाऊन जुन्या फाइली हातानं डिलीट करू नका, कृपा करा. इन्क्रिमेंटल बॅकअप (आधीच्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच घेणारे) एकमेकांवर टेकलेले असतात, मधली एक फाइल गेली की तिच्यानंतरचे सगळे वाया. पुसायचं ते सॉफ्टवेअरच्या आतून.

अजून एक, नवीन यूएसबी डिस्क लावली आणि बॅकअप दर वेळी ४ जीबीलाच अडतोय, तर डिस्क फॅट३२ फॉरमॅटची आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. रिकामी असतानाच एनटीएफएस करून घ्या.

पायरी ४: पासवर्ड, शेअर आणि तो झेड ड्राइव्ह

"मला तर झेड ड्राइव्ह दिसतोय, मी उघडून दाखवतो की," असं म्हणत अकाउंटंट खरंच उघडून दाखवतो, आणि जॉब मात्र म्हणतोय पाथ सापडत नाही. दोघंही खरं बोलतायत. मॅप केलेला ड्राइव्ह हा ज्यानं लॉगिन केलंय त्याच्यापुरताच असतो, बॅकअपची सर्व्हिस मागं दुसऱ्याच अकाउंटवर चालत असते, तिच्यासाठी झेड नावाचं काही अस्तित्वातच नाही. म्हणून जॉबमध्ये ड्राइव्हचं अक्षर द्यायचं नाही, दोन उलट्या तिरक्या रेघा, नासचं नाव, परत एक रेघ आणि शेअरचं नाव असा पूर्ण पाथ द्यायचा, आणि त्या शेअरचा युजर-पासवर्ड सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह करायचा.

बॅकअपसाठी वेगळा युजर ठेवा. ॲडमिनिस्ट्रेटरच्या नावावर सगळे जॉब लावलेत आणि ऑडिटर म्हणाला म्हणून कुणी पासवर्ड बदलला, की त्याच रात्री सगळे जॉब एकदम लाल. सगळे जॉब एकाच रात्री पडलेले दिसले की आधी पासवर्डचाच संशय घ्यायचा.

जुना नास असेल तर विंडोज अपडेटचा पण त्रास होतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्ड नसलेले गेस्ट शेअर सहसा उघडत नाहीत आणि एसएमबी सायनिंग (नेटवर्कवरून फाइली देताघेताना खरेपणाची सही) सक्तीचं झालंय, त्यामुळं काल चालणारा नास आज एकाएकी दिसेनासा होतो. यावर विंडोजची सुरक्षा सैल करायचे उपाय नेटवर भरपूर सापडतील, माझ्या मते ते करू नयेत. नासचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, शेअरला पासवर्ड लावा.

पायरी ५: विंडोजची शॅडो कॉपी

चालू डेटाबेसचा किंवा उघड्या फाइलचा बॅकअप निघतो तो व्हीएसएसमुळं, म्हणजे शॅडो कॉपी बनवणाऱ्या विंडोजच्या सर्व्हिसमुळं. एररमध्ये व्हीएसएस, स्नॅपशॉट किंवा रायटर असले शब्द दिसले तर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि व्हीएसएसअॅडमिन लिस्ट रायटर्स ही कमांड द्या. लांबलचक यादी येते. प्रत्येक रायटरखाली (रायटर म्हणजे आपापला डेटा शॅडो कॉपीसाठी तयार करून देणारा भाग) दोन ओळी बघायच्या, स्टेट आणि लास्ट एरर. स्टेबल आणि नो एरर असेल तर तो ठीक. जिथं फेल्ड किंवा टाइम्ड आउट दिसेल तो गुन्हेगार. मग त्याची सर्व्हिस रिस्टार्ट करायची. एसक्यूएलचा (डेटाबेस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) रायटर पडला असेल तर एसक्यूएल सर्व्हर व्हीएसएस रायटर ही सर्व्हिस, सिस्टीम रायटर असेल तर क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस. परत कमांड देऊन स्टेबल आलंय का बघा आणि मगच जॉब चालवा. सर्व्हर रिस्टार्ट केला तरी हेच होतं, पण दुपारी बारा वाजता पतसंस्थेचा सर्व्हर रिस्टार्ट कोण करू देणार?

रिस्टार्टनं तात्पुरतं सुटतं पण दर दोन दिवसांनी परत तेच, असं असेल तर कारण वेगळं आहे. शॅडो कॉपी बनत असताना डिस्कवरचं लिहिणं जास्तीत जास्त १० सेकंद रोखून धरता येतं, तेवढ्यात नाही जमलं तर ते सोडून देतं. म्हणजे त्याच वेळी डिस्कवर दुसरं काहीतरी मोठं चाललंय. बघा, अँटीव्हायरसचा फुल स्कॅन पण रात्री अकरालाच लावलाय का, ईआरपीवाल्यानं (हिशेब-स्टॉकचं सॉफ्टवेअर बसवणाऱ्यानं) स्वतःचा वेगळा बॅकअप त्याच वेळेला ठेवलाय का. एका मशीनवर दोन बॅकअप सॉफ्टवेअर एकाच वेळी चालू असणं ही तर हमखास भांडणाची जागा. वेळा बदला, दोन तासांचं अंतर ठेवा.

पायरी ६: बॅकअप होतोय पण सकाळपर्यंत संपत नाही

इथं साधं गणित करा. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे १ टीबी अडीच तासांत. तुमच्याकडं सेकंदाला ११-१२ एमबीच दिसत असेल तर लिंक १०० एमबीपीएसवर पडलीय, आणि त्याच १ टीबीला २३ तास लागणार. नेटवर्क कार्डाच्या स्टेटसमध्ये स्पीड लिहिलेलाच असतो. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, त्यामुळं एक जोडी तुटली तरी नेट चालूच राहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. गोडाऊन शेजारी असलेल्या ऑफिसात तर आधी केबलच बघायची. पॅच कॉर्ड बदलायला फार खर्च नाही, आणि त्यासाठी नवीन सर्व्हरचं कोटेशन मागवायची काही गरज नसते.

पायरी ७: डेटाबेसची साखळी

एसक्यूएल सर्व्हर असेल तर हे नीट वाचा. डिफरेन्शियल बॅकअप (फुल म्हणजे पूर्ण बॅकअपनंतर जे बदललं तेवढं घेणारा) हा नेहमी शेवटच्या फुल बॅकअपवर बसलेला असतो. आता रविवारी तुमच्या सॉफ्टवेअरनं फुल घेतला, मंगळवारी ईआरपीवाला आला, त्यानं एसक्यूएलच्या मॅनेजमेंट स्टुडिओमधून एक फुल बॅकअप काढला आणि पेनड्राइव्हवर घेऊन गेला. बुधवारपासूनचे सगळे डिफरेन्शियल त्याच्या पेनड्राइव्हवरच्या फाइलवर अवलंबून! रिस्टोअर करताना, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणताना, ३१३६ नंबरचा एरर येतो आणि सगळे सॉफ्टवेअरच्या नावानं खडे फोडतात. खरं काय ते एमएसडीबी डेटाबेसमधल्या बॅकअपसेट टेबलात लिहिलेलं असतं, कुणी घेतला, किती वाजता घेतला, सगळं. बाहेरच्या माणसाला बॅकअप द्यायचा तर कॉपी ओन्ली हा पर्याय टिक करून द्यायला लावा, त्यानं साखळी तुटत नाही.

९००२ एरर आला तर ट्रान्झॅक्शन लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) भरलाय, बहुतेक रिकव्हरी मॉडेल फुल ठेवलंय आणि लॉगचा बॅकअप कुणी लावलेलाच नाही.

पायरी ८: रिस्टोअर

चालू डेटावर थेट रिस्टोअर करायचं नाही. कितीही दबाव असू दे, मालक डोक्यावर उभा असू दे. दुसऱ्या फोल्डरमध्ये, दुसऱ्या नावानं, जमलं तर दुसऱ्या मशीनवर करा, उघडून बघा, शेवटचं व्हाउचर कोणत्या तारखेचं आहे ते अकाउंटवाल्याला बघायला लावा आणि मगच जागेवर आणा. खराब का होईना, आत्ता जे आहे त्याची पण एक कॉपी बाजूला ठेवा.

अडतं ते बहुतेक या कारणांनी. ३१६९ म्हणजे बॅकअप नव्या एसक्यूएलचा आणि तुम्ही जुन्यावर टाकताय, तसं होत नाही, नवीनच आवृत्ती लागते. ३१५४ म्हणजे त्याच नावाचा वेगळाच डेटाबेस तिथं आहे, ओव्हरराइट दाबून मोकळं व्हायच्या आधी तो कशाचा आहे ते बघा. फुकटच्या एक्सप्रेस एडिशनवर, २०२२ च्या आवृत्तीपर्यंत, १० जीबीपेक्षा मोठा डेटाबेस बसत नाही. ४३०५ म्हणजे मधला एखादा लॉग बॅकअप राहिलाय, क्रमानं द्या. आणि एन्क्रिप्शनचा पासवर्ड हरवला असेल तर त्याला उपाय नाही, कुणी पैसे घेऊन काढून देतो म्हणाला तर देऊ नका. तो पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवायचा, ज्या सर्व्हरचा बॅकअप आहे त्याच सर्व्हरवरच्या नोटपॅडमध्ये नाही.

हिरवं दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. गिटलॅबसारख्या, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला चुकून मुख्य डेटाबेसचं फोल्डर डिलीट झालं, तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप बरेच दिवस निघतच नव्हता, कारण बॅकअप घेणारं टूल ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा. फेल झाल्याचे मेल जात होते पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट होता म्हणून निभावलं. तेव्हा मेल येत नाही याचा अर्थ सगळं ठीक असा घेऊ नका. जॉब पास झाला तरी मेल यायला लावा, म्हणजे न आलेला लगेच लक्षात येतो. आणि महिन्यातून एकदा एखादी फाइल किंवा डेटाबेस खरोखर रिस्टोअर करून बघा.

दुसरी कॉपी कुठं ठेवायची याचं आपल्या सांगलीत वेगळंच आहे. मुख्य ऑफिस गावभागात आणि कॉपी मारुती चौकातल्या शाखेत, कागदावर ऑफसाइट (म्हणजे दुसऱ्या जागी) झालं, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये दोन्हीकडं पुराचं पाणी होतं. २००५ ला आलं, २०२१ ला परत आलं. कॉपी विट्याला ठेवा, जतला ठेवा, नाहीतर क्लाउडवर ठेवा, पण क्लाउडवरून १ टीबी खाली आणायला १०० एमबीपीएसच्या लाइनवर सगळं सुरळीत चाललं तरी २२ तास जातात हे आधीच धरून चाला. आणि सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर अजून एक, हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज असायला हवा, हा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे, सीएला विचारून घ्या.

एवढं करूनही नाही सुटलं तर सपोर्टला तिकीट टाका. नुसतं "बॅकअप होत नाही, अर्जंट" असं लिहिलं तर दोन दिवस प्रश्नोत्तरातच जातात. सॉफ्टवेअरची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, शेवटचा चांगला बॅकअप कधी झाला, त्यानंतर काय बदललं, लॉगमधली ती पहिली एररची ओळ वेळेसकट, आणि सॉफ्टवेअरमधूनच निघणारी लॉगची झिप फाइल, एवढं पहिल्याच मेलमध्ये द्या. रिमोटवर आलेल्या माणसानं काही डिलीट करायला सांगितलं तर आधी त्याच्याकडून ते मेलवर लिहून घ्या.